अडीच दिवसांत हंपी

युनेस्कोच्या नोंदीनुसार हंपीत १६०० हून जास्त अवशेष आहेत. देवळं, मंडप, तलाव, वेशी, तटबंदीचे तुकडे, पाण्याच्या दगडी पन्हळी. हे सगळं सुमारे ४२ चौरस किलोमीटरांत पसरलंय. आमच्याकडे आहेत अडीच दिवस. शुक्रवारी रात्री पुण्यातून स्लीपर, शनिवारी सकाळी होस्पेट, सोमवारी संध्याकाळी परतीची बस. झोप, जेवण, ऊन आणि रिक्षाची वाट बघणं वजा केलं तर हातात साधारण २५ तास उरतात. भागाकार करा. एका अवशेषाच्या वाट्याला पुरतं एक मिनिटही येत नाही.

हा हिशेब मी आमच्या ग्रुपवर टाकला. उत्तरादाखल हसऱ्या चेहऱ्यांची रांग आली आणि एक वाक्य, "म्हणून तर प्लॅन तुझ्याकडे दिलाय." आम्ही पाचजण जाणार आहोत. मी, कॉलेजातली मैत्रीण आणि तिचा नवरा, आर्किटेक्ट असलेला एक मित्र, आणि माझी आत्या. आत्या माळशिरस तालुक्यातली, वय ६१, दरवर्षी पायी वारी करणारी. ती का येतेय ते पुढे सांगते.

सहलीची यादी करणं म्हणजे मुख्यतः गाळणं. बहुतेक ठिकाणी त्यानं कुणाचं काही बिघडत नाही. महाबळेश्वरला एखादा पॉइंट राहिला तर राहिला. हंपीची यादी करायला बसले आणि जुनी-नवी माहिती वाचत गेले, तसं दिसायला लागलं की इथं 'बघण्यासारखं काय' या प्रश्नाच्या उत्तरानं माणसांची घरं हलली आहेत, पूल अडले आहेत. आणि हे उत्तर एखाद्या कार्यालयातल्या चार माणसांनी हवेतून काढलेलं नाही. दोन-अडीच दिवसांसाठी येणाऱ्या माझ्यासारख्या असंख्य लोकांना काय बघायला आवडेल, काय खटकेल, हे त्यात धरलेलं आहे. मला कुणी विचारलं नव्हतं, पण माझ्या नावानं ते झालंय. तर मग त्याचं मी काय करायचं?

आधी यादी, कारण तुमच्यातले निम्मे त्यासाठीच आले असणार. विरूपाक्ष मंदिर आणि शेजारची हेमकूट टेकडी. तिच्यावरचे दोन प्रचंड गणपती, एकाचं नाव सासिवेकाळू, दुसऱ्याचं कडलेकाळू. म्हणजे मोहरी आणि हरभरा. (एवढाल्या मूर्तींना ही नावं देणाऱ्या लोकांबरोबर चहा प्यायला आवडला असता.) लक्ष्मी-नरसिंह, बडवीलिंग, हजारराम मंदिर, महानवमी दिब्बा, पायऱ्यांची पुष्करणी, कमळमहाल, हत्तीखाना, राणीचं न्हाणीघर. विठ्ठल मंदिरातला दगडी रथ, जो आपल्या ५० च्या नव्या नोटेवर आहे; यूपीआयच्या दिवसांत खिशात नोट असलीच तर काढून बघा. मातंग टेकडीवरून दिसणारा सूर्योदय. नदीपलीकडे आनेगुंदी, अंजनाद्रीच्या ५७५ पायऱ्या, सणापूरचा तलाव आणि त्यातल्या टोपलीसारख्या गोल होड्या. इथला दगड ग्रॅनाइटचा; सकाळी अकरानंतर जो तापतो तो दिवेलागणीपर्यंत तापलेलाच. त्यामुळे अकरा ते चार कमलापूरचं संग्रहालय आणि जेवण. संग्रहालयात सगळ्या परिसराची प्रतिकृती आहे, ती बघितली की टेकड्या आणि नदी कुठं कशी आहे ते डोक्यात बसतं. झाली यादी. थोड्याफार फरकानं हीच सगळ्यांची असते.

या यादीत जी जागा दोन ओळींत उरकली जाते ती म्हणजे विरूपाक्ष मंदिरासमोरचा रस्ता, हंपी बझार. गोपुरापासून थेट समोरच्या दगडी नंदीपर्यंत जाणारा हा लांबरुंद रस्ता, दोन्ही बाजूंना दगडी खांबांचे मंडप. २००९ साली कॉलेजच्या सहलीत मी तो पहिल्यांदा बघितला, तेव्हा त्या मंडपांमध्ये लोक राहत होते. खांबांच्या मध्ये विटा रचून, वर पत्रा नाहीतर ताडपत्री टाकून घरं आणि दुकानं केलेली. एका खांबाला टेकून एक बाई मुलीच्या वेण्या घालत होती. मिरची भज्यांचा वास, फिरंग्यांसाठी लिहिलेले पॅनकेकचे फलक, दोरीवर वाळणारे शर्ट, सायकली भाड्यानं मिळतील, पैसे बदलून मिळतील. आमचे सर म्हणाले होते, "बघा, काय अवस्था करून ठेवलीय." आम्ही माना डोलावल्या आणि भजी खाल्ली.

२०११ च्या जुलैमध्ये प्रशासनानं तो रस्ता रिकामा केला. घरं-दुकानं पाडली. शेकडो लोकांना तिथून उठावं लागलं. पुनर्वसनासाठी जागा ठरली कद्दीरामपुरात, काही किलोमीटर अंतरावर, आणि ते पुनर्वसन पुढे वर्षानुवर्षं रेंगाळलं. आज तुम्ही गेलात तर रस्ता स्वच्छ आहे, मंडप मोकळे आहेत, फोटो फार सुंदर येतो.

यावर आमच्या आर्किटेक्ट मित्राशी फोनवर तासभर वाद झाला. त्याचं म्हणणं मी इथं पूर्ण मांडते, कारण ते हलकं नाही. पाचशे वर्षांच्या खांबात ड्रिल मारून वायर टाकायची, सिमेंट थापायचं, धुरानं शिल्पं काळी करायची, हा अधिकार कुणाचाच नाही. गरीब असण्यानं तो मिळत नाही. आज त्या खांबांमध्ये राहणारी तीनशे घरं असतील, पण ते खांब पुढच्या तीनशे वर्षांत जन्माला येणाऱ्यांचेही आहेत आणि त्यांच्या बाजूनं बोलायला कुणीच नाही. पुरातत्त्व खातं नेमकं त्यांच्या बाजूनं उभं राहतं. "तू आत्ताच्या माणसांचं बघतेस. मी न जन्मलेल्यांचं बघतो. दोघांपैकी जास्त दुबळं कोण, सांग."

या प्रश्नावर मी बराच वेळ गप्प होते. न जन्मलेल्यांची बाजू घेणं हे खरंच मोठं काम आहे. मात्र त्यात एक सोयही आहे: न जन्मलेला माणूस कधीच समोर येऊन सांगत नाही की त्याला काय हवंय. त्याच्या तोंडी आपण आपल्याला हवं ते घालू शकतो. त्याला शिल्पांवर धूर नको असेल हे मान्य. पण त्याला त्या रस्त्यावर माणूसच नको असेल, हे कशावरून?

दुसरी गोष्ट त्या रस्त्याच्या जन्माची. १५२० च्या सुमारास दोमिंगो पेस नावाचा पोर्तुगीज इथं येऊन गेला. त्याची टिपणं रॉबर्ट सिवेलनं १९०० साली इंग्रजीत आणली आणि आज हंपीचा प्रत्येक गाइड त्यातलं काही ना काही सांगतो. सिवेल ज्याला विरूपाक्षासमोरचा रस्ता मानतो, त्याच्याबद्दल पेसनं लिहिलंय की तिथं सज्जे आणि कमानी असलेली सुंदर घरं आहेत आणि यात्रेकरू त्यांत उतरतात. म्हणजे मंडप बांधले तेच येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पाठीला आणि पोटाला आधार म्हणून. २००९ मध्ये मला भजी देणारा माणूस त्या वास्तूच्या विरुद्ध काही करत नव्हता. वाईट रीतीनं, विटा-पत्र्यानं, पण तिचं मूळचंच काम करत होता.

आणि तिसरं, जे मला सगळ्यात जास्त बोचतं. त्याच रस्त्याच्या टोकाला विरूपाक्षाची पूजा अखंड चालू आहे. तिथं दिवे लागतात, धूर होतो, नारळ फुटतात, विजेच्या वायरी आहेत, लग्नं लागतात, रोज गर्दी दगड झिजवते. त्या देवळाला आपण कौतुकानं 'जिवंत मंदिर' म्हणतो. पन्नास पावलांवर कुणी चूल पेटवली की ते अतिक्रमण. देवळाचा वापर चालू राहिला तर ती परंपरा आणि बाजाराचा वापर चालू राहिला तर ती घाण, असा फरक आपण कधी ठरवला? मित्र म्हणाला, देवळाला नियम लावता येतात. मग बाजारालाही लावून बघायचे होते. कठीण गेलं असतं, मान्य. रिकामं करणं सोपं असतं.

२०१९ मध्ये हत्तीखान्यामागच्या एका मंदिराचे खांब काही तरुणांनी ढकलून पाडले आणि त्याचा व्हिडिओ फिरला, हे तुम्हाला आठवत असेल. कोर्टानं प्रत्येकी ७०,००० रुपये दंड केला आणि ते खांब परत उभे करायला लावले. पाडणारे बाहेरून फिरायला आलेले होते. यावरून 'स्थानिक सगळे चांगले, पाहुणे सगळे वाईट' असं सिद्ध होत नाही, आणि मला ते करायचंही नाही. एवढंच म्हणते, की दगडाला धोका कुणापासून आहे हे ठरवताना आपण पाहुण्यांनी स्वतःला फार लवकर यादीबाहेर काढू नये.

आता आत्या. तिला रथ बघायचा नाही, तिला विठ्ठल मंदिर बघायचंय. वारकऱ्यांमध्ये गोष्ट सांगतात की कृष्णदेवरायानं पंढरीचा विठोबा आपल्या राजधानीत नेला आणि एकनाथांचे पणजोबा भानुदास यांनी तो परत पंढरपुरी आणला. इतिहास म्हणून या गोष्टीवर वाद आहेत आणि ते व्हायलाही हवेत. आत्याला त्या वादांशी देणंघेणं नाही. देव जिथं काही काळ परगावी राहिला ती जागा तिला बघायची आहे, लेकीचं सासर एकदा बघून यावं तशी. मी तिला फोनवर आधीच सांगून टाकलं, "आत्या, तिथं मूर्ती नाहीये हां. गाभारा रिकामा आहे."

ती जरा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे आला तो परत, हे खरंच की गं."

आणि थोड्या वेळानं, "रिकाम्या गाभाऱ्याला हात जोडले तर कुणी हटकणार नाही ना?"

मी म्हटलं, तिथं पूजा होत नाही, पण हात जोडायला कोण अडवणार.

यादीत या गाभाऱ्याला काही किंमत नाही. कारण तिथं बघण्यासारखं काहीच नाही. अंधार आहे आणि वटवाघळांचा वास असेल. आत्याच्या लेखी मात्र अख्ख्या हंपीत तीच एक जागा आहे आणि रथ ही तिथली गर्दी. मला तिच्या श्रद्धेचा हेवा वाटतो असं म्हणणार नाही, ते खोटं होईल. हेवा वाटतो तो तिच्या कारणाचा. तिचं त्या जागेशी काही देणं आहे, म्हणून ती चाललीये. आम्ही बाकीचे चौघं जातोय कारण लाँग वीकेंड आहे.

मग मी माझं काही देणं लागतं का ते शोधायला गेले आणि निघालं ते फार सुखाचं नव्हतं. १५६५ च्या जानेवारीत ज्या लढाईनंतर हे शहर लुटलं गेलं, तिच्यात सुलतानांच्या फौजांच्या मध्यभागी होता अहमदनगरचा हुसेन निजामशहा. त्याआधी काही वर्षं रामरायाची फौजही आदिलशहाबरोबर नगरवर चालून गेली होती, तेव्हा हा हिशेब एकतर्फी नाही. पण नगरच्या त्या फौजेत आपल्या इकडच्या गावांमधली माणसं नसतील असं मानायला मला काही कारण दिसत नाही. घोड्यांना वैरण, तोफांना बैल, पोतीभर धान्य, हे सगळं कुठून तरी गेलंच असणार. आत्याच्या वाक्यातला विठोबा 'आपला' असेल, तर तो रस्ता जाळणाऱ्यांतलेही काही आपलेच. हंपीत उभं राहून 'त्यांनी' काय केलं असं म्हणताना मराठी माणसानं त्या 'त्यांनी'वर थोडं थांबावं, एवढं तरी मला वाटतं.

नदीकडे वळते. तुंगभद्रेच्या दक्षिणेला हंपी, उत्तरेला आनेगुंदी. राजधानीच्याही आधीचं गाव. मधे नदी, पावसाळ्यात भयंकर. विठ्ठल मंदिराजवळ नदीत दगडी खांबांची ओळ उभी दिसते. विजयनगरच्या काळातल्या पुलाचे ते खांब असं सांगतात. फोटोसाठी लोक तिथं आवर्जून जातात. १९९० च्या दशकात आनेगुंदीला जोडणारा नवा पूल बांधायला घेतला, तसा तो या प्राचीन परिसराच्या ऐन मध्यात येतो म्हणून आक्षेप निघाले. १९९९ साली युनेस्कोनं हंपीला 'धोक्यातल्या वारशा'च्या यादीत टाकलं, त्यात हे पूल हेच मोठं कारण होतं. काम थांबलं, रखडलं, तडजोडी झाल्या. २००६ मध्ये हंपी त्या यादीतून बाहेर आलं. पुलाचं काम परत सुरू झालं आणि २००९ च्या जानेवारीत बांधत असतानाच तो कोसळला. कामगार मेले. त्यानंतर नदीच्या खालच्या अंगाला, कडेबागिलू-बुक्कसागराला पूल झाला. आम्ही त्याच वळशानं जाणार.

हे सगळं वाचताना मी दोन्ही बाजूंना सारखी हेलकावत होते. अवजड ट्रकांची रांग त्या खडकांमधून जायला लागली असती तर तिथलं जे काही आहे ते उरलं नसतं. आक्षेप घेणारे मूर्ख नव्हते. पण आनेगुंदीत रात्री कुणाला कळा सुरू झाल्या असतील, पावसाळ्यात नदी चढलेली असेल, तर तिच्या दृष्टीनं त्या वर्षांचा अर्थ काय? जुन्या पुलाचे खांब हा वारसा आणि नव्या पुलाचे खांब हा धोका, हे तिला कसं समजावून सांगणार? ती गोल होडी, जिच्यात बसून आम्ही सणापूरला रील करणार आहोत, ती तिच्यासाठी पूल नसण्याचं दुसरं नाव होती.

इथं मला लग्नघर आठवतं. पाहुणे फार झाले, झोपायला जागा पुरेना, म्हणून यजमान ओसरीवरच्या म्हाताऱ्याची खाट गोठ्यात हलवतात. पाहुण्यानं काही मागितलेलं नसतं. त्याला दोष देता येणार नाही. पण रात्री त्याला कळलं की आपली गादी घातलीय तिथं कालपर्यंत कुणाची खाट होती, तर तो काय करेल? एक, कूस बदलून झोपेल. दोन, रागानं घर सोडून निघून जाईल. त्यानं म्हाताऱ्याची खाट परत येत नाही आणि यजमानांचं लग्न तेवढं बिघडतं. तीन, सकाळी चहाचा कप घेऊन गोठ्याकडे जाईल. तिसऱ्यानं फार काही साधतं असं नाही. पण तिन्ही एकच आहेत, असं मला कुणी पटवू शकणार नाही.

'जाऊच नका' हे मत हल्ली बरंच ऐकू येतं, जबाबदार वगैरे म्हणवणाऱ्या लोकांकडून. हंपीपुरतं तरी ते मला पटत नाही. तिथला रिक्षावाला, गाइड, खोल्या भाड्यानं देणारी बाई, शहाळंवाला यांचं घर येणाऱ्यांवर चालतं. २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर नदीपलीकडच्या विरूपापूर गड्डीवरची बेकायदा ठरलेली रिसॉर्टं पाडली गेली, आणि त्याच महिन्यात लॉकडाऊन लागलं. त्या वर्षी 'कुणी येऊच नये' हा प्रयोग तिथं करून झालाय. त्याचं कौतुक तिथल्या कुणी केल्याचं माझ्या ऐकण्यात नाही.

आणि याच्या उलट टोकाला आहे 'गावातलं खरं जीवन अनुभवा' हे खूळ. म्हणजे अवशेष बघून झाले की आता माणसं बघायची. चुलीवरची भाकरी, पारावरचे आजोबा, शेतातली बाई, क्लिक. सोळाशेमध्ये आणखी एकाची भर. माळशिरसला आमच्या आत्याच्या दारात कुणी असं कॅमेरा घेऊन उभं राहिलं असतं, तर तिनं आधी पाणी दिलं असतं आणि मग काय दिलं असतं ते मी लिहीत नाही.

तरीही मी सोमवारची अख्खी सकाळ आनेगुंदीच्या बाजूच्या शेतशिवाराला दिलीये, आणि याचं कारण पाणी. विजयनगरच्या राजांनी तुंगभद्रेवर बंधारे घालून काढलेल्या कालव्यांपैकी काही अजून वाहतात. तुर्तू नावाचा कालवा तर हंपीच्या अवशेषांमधूनच जातो. बडवीलिंग पाण्यात उभं आहे ते कालव्याच्याच पाण्यात. त्या पाण्यावर भात, केळी, ऊस होतो. फोटोंमध्ये खडकांच्या मागं जी हिरवी पट्टी दिसते आणि आपण 'काय निसर्ग आहे' म्हणतो, तो निसर्ग माणसांनी खणलेला आहे. राजधानी १५६५ ला संपली म्हणतात. सिंहासन गेलं, बाजार गेला, दरबार पेनुकोंड्याला गेला. पाटाचं पाणी मात्र शेतात जायचं थांबलं नाही. मला विचाराल तर राजधानीचा सगळ्यात धडधाकट भाग तोच आहे, आणि तो बघायला तिकीट नाही म्हणून यादीत नाही.

हेही साजरं करून सांगायला नको. पेसनंच लिहून ठेवलंय, कृष्णदेवराय एक प्रचंड तलाव बांधत होता, पंधरा-वीस हजार माणसं मुंग्यांसारखी कामाला लागलेली. बांध दोन-तीनदा फुटला. देवाला रक्त हवंय असं पुरोहितांनी सांगितलं, तेव्हा साठ माणसांची आणि काही घोड्या-रेड्यांची मुंडकी उडवली. पेस ऐकीव सांगत असेल, वाढवून सांगत असेल. पण ज्या पाण्याला मी राजधानीचा धडधाकट भाग म्हणतेय, त्याच्या बांधात काय-काय गाडलंय हे माहीत असावं. तीनशे घरं हलवण्याला नावं ठेवताना, त्या साठ जणांना 'तो काळच तसा होता' म्हणून सोडून देणं मला जमत नाही.

आर्किटेक्ट मित्राला मी हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "मग तर काहीच बघता येणार नाही. ताजमहाल घे, आगगाड्या घे, आपलं धरण घे." खरंय. त्यानं ते वाद मिटवायला म्हटलं होतं, मला ते नुसतं वर्णन वाटलं. धरणांचं पाणी आपण पितोच की. पिताना कोणती गावं बुडाली त्यांची नावं माहीत असलेली माणसं आणि नसलेली माणसं, यांच्यात पुढचं धरण बांधायची वेळ आली की फरक पडतो. पुढचा बाजार रिकामा करायची वेळ आली की पाहुण्यांच्या नावानं परत एकदा काहीतरी ठरेल. तेव्हा 'आम्हाला भजीवाला चालतो, त्याला फक्त खिळा मारू देऊ नका' असं म्हणणारे पाहुणे किती आहेत, यावरही थोडंफार ठरेल.

तर प्लॅन असा झालाय. शनिवार सकाळ विरूपाक्ष आणि हेमकूट, मग बझारच्या रस्त्यानं नंदीपर्यंत चालत, फोटो न काढण्याची सक्ती नाही, पण मी मिरची भज्यांची जागा दाखवणार. दुपारी संग्रहालय. कमळमहाल, हत्तीखाना, पुष्करणी एका फेरीत. रविवारी सकाळी विठ्ठल मंदिर, दार उघडतानाच, आत्याला गाभाऱ्यापाशी गर्दी नको म्हणून. राणीचं न्हाणीघर गाळलं. विरूपाक्ष सोडून बाकी तेरा देवळं गाळली. मैत्रिणीचा नवरा यावर नाराज आहे आणि त्याला तसा हक्क आहे. रविवारी दुपारनंतर पुलाच्या वळशानं आनेगुंदी, मुक्काम तिथंच एका घरी.

आत्याला हा प्लॅन वाचून दाखवला. कालव्याच्या ओळीवर ती थांबली. तिचं सगळं आयुष्य नीरेच्या कालव्याच्या पाण्यावर गेलेलं. रात्री दोनला उठून दारं धरणं, पाळी चुकली म्हणून भावकीत बोलणं बंद होणं, हे सगळं तिनं केलेलं. तिनं विचारलं, "तिथं पाळी कशी लागते गं? वरच्याला आधी का खालच्याला?"

पाचशे वर्षांच्या कालव्याबद्दल मी जेवढं वाचलं त्यात हा प्रश्न कुणी विचारलेला मला दिसला नव्हता. आनेगुंदीत जिथं उतरणार त्या बाईंना फोन लावला. त्यांचं हिंदी मोडकं, माझं कन्नड नाहीच. पाण्याची वेळ, नंबर, टर्न, सगळं बोलून बघितलं. शेवटी वैतागून मराठीतच म्हटलं, "पाळी हो, पाळी." त्या एकदम, "हां, पाळी!" त्यांच्याकडेही तोच शब्द आहे. मग बरंच काही बोलल्या, त्यातलं मला एवढं कळलं की त्यांचे दीर सोमवारी पहाटे पाण्यावर असणार आहेत, साडेपाचला निघालात तर भेटतील, आणि आत्यांना चिखलात चालायला जमेल ना.

साडेपाचला निघायचं म्हणजे अंजनाद्रीवरचा सूर्योदय जातो. तो खोडला.